मोह आणि आबकारी

ऱ्हाइनच्या काठी पिकणाऱ्या रीसलिंग द्राक्षाचा लेखी पुरावा 1435 सालापर्यंत मागे जातो. रुसेल्सहाइम येथील सरंजामदाराच्या हिशेबात त्या वेलींच्या खरेदीची नोंद आहे. यवतमाळच्या मोहवृक्षाला असे भाग्य लाभले नाही. केळापूर-वणीच्या रानांत गोंड, कोलाम व परधान यांच्या कित्येक पिढ्या ज्याच्या आश्रयाने जगल्या, त्याचे नाव सरकारी दफ्तरात आढळते ते प्रामुख्याने आबकारीच्या रकान्यात.

चैत्राच्या सुमारास मोहाची मांसल, पिवळसर पांढरी फुले पहाटे गळू लागतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून वा जाळून स्वच्छ केलेला असतो. बायका व मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन वेचणीस लागतात, आणि उन्हात वाळून तपकिरी झालेली फुले पुढे वर्षभर पुरतात. ती भाजून वा शिजवून खाल्ली जातात, टंचाईच्या दिवसांत धान्याची उणीव भरून काढतात, आणि भिजवून आंबवल्यावर मडक्याचे तोंड मातीने लिंपून, पोकळ बांबूच्या नळीतून त्यांचा अर्कही उतरवला जातो. या अर्काची धार प्रथम देवाला, मग पाहुण्याला.

1853 च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आले, आणि या आचाराकडे महसुलाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. लिलावात भट्टीचा मक्ता घेणाऱ्याने ठरीव रक्कम सरकारात भरली, की पुढे जितकी विक्री अधिक तितका त्याचा नफा अधिक. साहजिकच देवकार्याच्या मर्यादेत राहिलेले पेय दुकानाच्या फळीवर आले. पुढे सरकारी भट्टीची पद्धत रूढ होऊन गॅलनमागे कर बसला, तरी घरच्या चुलीवर अर्क काढणारा मात्र गुन्हेगारच राहिला. दारूने वनवासी संसारांची धूळधाण केली हे खरेच आहे. परंतु त्याचा दोष मोहाच्या माथी मारताना मक्त्याच्या या व्यवस्थेचा विसर पडू देणे हा अन्याय होय.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांवरील वनवासींची मालकी मान्य केली, आणि मोहफूल त्यांतच मोडते. हक्क मान्य झाला, तशी स्मृतीही मान्य व्हावयास हवी. कोणते झाड कोणत्या घराच्या वहिवाटीचे, कोणाची फुले अधिक गोड, हे ज्ञान वेचणाऱ्यांपाशी आहे. ते त्यांच्याच मुखातून गावोगाव लिहून घेतले जाईल, तेव्हाच या जिल्ह्याचा इतिहास वसुलीच्या आकड्यांपलीकडे जाईल.