अराता इझुमी: एका पारपत्राचा इतिहास

१/ भारताचा फुटबॉल संघ हरला की समाजमाध्यमांवर जपानमध्ये जन्मलेल्या एका निवृत्त खेळाडूचे नाव पुन्हा फिरू लागते: अराता इझुमी. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्यावे का, या वादात दोन्ही पक्ष त्यांचाच दाखला देतात. हा दाखला ज्या मुंबई-पुण्यात घडला, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. 🧵

२/ इझुमी यांचा जन्म १९८२ साली शिमोनोसेकी येथे झाला. वडील गुजराती, आई जपानी. सिंगापूरमध्ये खेळून ते २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात आले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये दाखल झाले.

३/ आज साकीनाक्याचा तरुण मेट्रोने आझादनगरला उतरून अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचे सामने पाहतो. त्याआधीची मुंबई वेगळी होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया अशा कंपन्यांचे संघ कूपरेजवर भिडत. महिंद्राचा संघ १९६२चा. २००५-०६ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली होती. इझुमी या परंपरेच्या शेवटच्या पर्वात आले.

४/ २००९ मध्ये ते पुणे एफसीत गेले. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये हा संघ उपविजेता ठरला. त्याच सुमारास इझुमी यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेतला.

५/ २००८ पासून केंद्र सरकारचे धोरण स्पष्ट होते: भारताकडून खेळायचे तर भारतीय पारपत्र हवे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जपानी कायद्यानुसारही स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणारा जपानी नागरिक राहत नाही. त्यामुळे २०१२ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारताना इझुमी यांना जन्मभूमीच्या नागरिकत्वावर पाणी सोडावे लागले. कागदोपत्री नाव झाले नीलकंठ खांबोलजा.

६/ फेब्रुवारी २०१३ मध्ये कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध त्यांनी पदार्पण केले. भारत २-४ असा हरला. तेव्हा त्यांचे वय ३० होते. पुढे मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने वाट्याला आले. एक पक्ष म्हणतो, निष्ठा असेल तर इझुमींसारखा त्याग करावा. दुसरा म्हणतो, एवढी किंमत मागितली, म्हणूनच दुसरा इझुमी आला नाही.

७/ दुसरे नाव पुढे यायला १३ वर्षे लागली. २०२५ मध्ये रायन विल्यम्स यांनी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. त्यांच्या आईचे घराणे मुंबईच्या अँग्लो-इंडियन समाजातले. ही बातमी येताच इझुमी पुन्हा चर्चेत आले.

८/ या वादात एक गोष्ट निसटते. इझुमी भारतात आले ते क्लबकडून खेळण्यासाठी. नागरिकत्वापूर्वीची सहा वर्षे त्यांनी इथल्याच मैदानांवर घालवली आणि त्यांतली बहुतांश महाराष्ट्रात. पारपत्र मिळाले ते या वास्तव्यानंतर. चांगला खेळाडू वर्षानुवर्षे टिकून राहील असे स्थानिक क्लब नसतील, तर केवळ नियम बदलून काय साधणार?

९/ आणि त्या क्लबांचे काय झाले? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुढे पुणे एफसीही संपला. २०१६ मध्ये इझुमी ज्या एफसी पुणे सिटीकडून खेळले, तो संघ २०१९ मध्ये विसर्जित झाला. इझुमी यांनी नंतर नवी मुंबईत मुलांना प्रशिक्षण दिले. खेळाडूचे नाव समाजमाध्यमांनी जपले. ज्या संघांनी त्याला इथला केले, त्यांच्या आठवणी जपण्याचे काम अजून बाकी आहे.