सिंहावलोकन आणि विहंगावलोकन

सिंह चालता चालता मध्येच थांबतो आणि मान वळवून आपण चालून आलेल्या वाटेकडे एकवार पाहतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यावरून मागील गोष्टींचा आढावा घेण्याला आपण सिंहावलोकन म्हणू लागलो. आणि पक्ष्याप्रमाणे वरून एका दृष्टीत सारे पाहून घेणे, ते विहंगावलोकन. हे दोन्ही शब्द आजवर ग्रंथांच्या प्रस्तावनांत आणि अध्यक्षीय भाषणांतच अधिक वावरले. मोटारगाडीच्या इतिहासात मात्र त्यांना अगदी शब्दशः अर्थ प्राप्त झाला आहे. मोटार चालविणाऱ्या माणसाला मागचे दिसावे म्हणून जी धडपड सुरू झाली, ती सुमारे शंभर वर्षे चालली; आणि तिच्यातूनच 2007 साली असे एक साधन बाजारात आले की, गाडीत बसलेल्या माणसाला स्वतःचीच गाडी, घारीने वरून पाहावी तशी, पुढ्यातल्या पडद्यावर दिसू लागली. गाडीवर घार नाही, उंच खांबावर कॅमेरा नाही. तरीही हे दृश्य दिसते. ते कसे दिसते, आणि ते दिसावे म्हणून एवढा खटाटोप का करावा लागला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. टांगा किंवा बैलगाडी ह्या वाहनांना डोळ्यांच्या दोन तऱ्हा होत्या : हाकणाऱ्याचे डोळे आणि जनावराचे डोळे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळे नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागचा एक अरुंद पट्टा सोडला, तर त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते. गाडीच्या घोड्याला झापडे बांधतात ती ह्याचसाठी. पायाशी काही वळवळले, तर मालकाच्या आधी जनावरच बिचकून थबके. 1886 साली जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले आणि घोड्यावाचून धावणारी गाडी जगाला मिळाली. त्या गाडीबरोबर घोड्याचे श्रम गेले, तसे घोड्याचे डोळेही गेले. यंत्राच्या अंगी बळ पुष्कळ. पण यंत्र बिचकत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला उपाय म्हणजे आरसा. इंग्लंडमधील डोरोथी लेव्हिट ही मोटार शर्यतीत भाग घेणारी धाडसी बाई. तिने 1909 साली 'द वुमन अँड द कार' हे छोटे पुस्तक लिहिले. मोटार चालविणाऱ्या स्त्रीने जवळ एक लहानसा हात-आरसा ठेवावा आणि अधूनमधून तो उंच धरून मागून कोण येत आहे ते पाहावे, असा सल्ला तिने त्यात दिला आहे. पुढे दोनच वर्षांनी, 30 मे 1911 रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली मोठी शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागे वळून कोण जवळ येत आहे ते सांगे. रे हॅरून ह्या स्पर्धकाची गाडी एकट्यापुरतीच होती. इतरांनी हरकत घेतली, की हा माणूस मागचे पाहणार कसे? तेव्हा हॅरूनने गाडीवर आरसा बसविला आणि ताशी सरासरी सुमारे 74.6 मैल वेगाने शर्यत जिंकली. मोटारीच्या आरशाची कथा येथून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध मला अधिक मनोरंजक वाटतो. त्या विटांच्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की आपल्याला त्यात फारसे काही दिसलेच नाही, असे हॅरूनने पुढे कबूल केले. आक्षेप मिटला, शर्यत जिंकली, आरसा प्रसिद्ध झाला. मागचे दिसले नाही ते नाहीच!

पुढे आरसा सुधारला, स्थिरावला. पण तो मुळात धावत्या गाडीसाठी होता. मागून वेगाने कोण येते, हे आरसा सांगतो. गाडी उभी करताना किंवा मागे घेताना प्रश्न निराळा असतो. तेथे वेग नसतो, अंतर वीतभर असते, आणि जे पाहावयाचे ते आरशाच्या रेषेखाली, अगदी जमिनीलगत असते. दुचाकी, दगड, गटाराचा काठ, बसलेला माणूस, रांगणारे मूल ह्यांपैकी काहीच मागच्या काचेतून दिसत नाही. आपल्या देशात हा प्रश्न माणसाने सोडविला. मालमोटारीचा क्लीनर खाली उडी मारून मागे जाऊन उभा राहतो आणि 'येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा... बस!' असे ओरडत, फळीवर थाप मारीत, भली मोठी गाडी हातभर जागेत बसवितो. एसटीचा कंडक्टरही आगारात खाली उतरून शिट्टीच्या इशाऱ्यावर गाडी मागे घेववतो. ही साधी व्यवस्था वाटते. पण गाडी आणि अडथळा ह्या दोहोंना एकाच वेळी बाहेरून पाहणारी नजर हेच तिचे मर्म आहे. पुढच्या साऱ्या यंत्रांनी नक्कल केली ती ह्या नजरेचीच, आणि त्या माणसाची पुरती बरोबरी अजून झालेली नाही असे माझे मत आहे.

कॅमेऱ्याची कल्पना दूरचित्रवाणीच्या पहिल्या बहरातली. 1956 साली जनरल मोटर्स कंपनीने आपल्या प्रदर्शनात ब्यूक सेंचुरियन नावाची एक नमुन्याची गाडी मांडली. तिला आरसा नव्हता. शेपटाकडे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकासमोर लहानसा पडदा अशी योजना होती. ती गाडी लोकांनी कौतुकाने पाहावी एवढ्यासाठीच होती, विक्रीसाठी नव्हती. बाजारात विकत मिळणाऱ्या गाडीत मागचा कॅमेरा येण्यास पुढे जवळपास पस्तीस वर्षे लागली. 1991 साली टोयोटाने जपानमध्ये विकलेल्या सोअरर गाडीत तो आला. तोही महागड्या गाडीचा शौक होता. ह्याच सुमारास अमेरिकेच्या अंतराळ संशोधनाशी निगडित असलेल्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी प्रकाश टिपणाऱ्या एका नव्या जातीच्या सिलिकॉन चकतीवर काम करीत होते. अंतराळयानासाठी लहान, हलका आणि थोडी वीज खाणारा कॅमेरा हवा म्हणून हा उद्योग चालला होता. तीच चकती पुढे मोबाईल फोनमध्ये आणि मोटारीच्या पाठीवर येऊन बसली. कॅमेरा नखाएवढा व स्वस्त झाला, आणि एका गाडीला एकाच्या जागी चार बसविणे परवडू लागले.

तथापि केवळ स्वस्ताईने हे साधन घरोघरी गेले नाही. त्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. 1990 नंतर अमेरिकेत उंच, अवजड गाड्यांची आवड वाढली. गाडी जितकी उंच, तितकी तिच्या पाठीमागची न दिसणारी जागा लांब. 2002 साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक बालरोगतज्ज्ञ रात्री घराच्या आवारात गाडी मागे घेत असता त्यांचा दोन वर्षांचा मुलगा तिच्याखाली सापडून गेला. अशा अपघातांची हीच तऱ्हा असते : गाडी सावकाश चाललेली, जागा घरचीच, आणि चाकावर बहुधा घरातलेच कोणी. त्या बालकाच्या नावाने अमेरिकेत मुलांच्या वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि फेब्रुवारी 2008 मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. नियम 2011 पर्यंत व्हावयाचा होता. खर्चाचा हिशोब पुढे करून तो पुनःपुन्हा लांबणीवर पडला. मुले गमावलेल्या पालकांनी व सुरक्षेसाठी झटणाऱ्या संस्थांनी 2013 साली न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे 31 मार्च 2014 रोजी नियम निघाला. आणि 1 मे 2018 पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या वाहनात मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. त्या वेळी सरकारी खात्याने दिलेल्या अंदाजानुसार मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून त्या देशात दरसाल सुमारे 210 माणसे मरत आणि 15,000 जखमी होत. मृतांत पाच वर्षांखालची मुले 31 टक्के आणि सत्तरीच्या पुढचे वृद्ध 26 टक्के होते.

नियमाची भाषा कोरडी असते. ह्या नियमाची चाचणी मात्र वाचताना मन थांबते. गाडीच्या मागे दहा फूट रुंद व वीस फूट लांब अशी जागा आखावयाची. तीत सात नळकांडी उभी करावयाची, प्रत्येक 32 इंच उंच. उलटा गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत ती पडद्यावर दिसली पाहिजेत. 32 इंच ही दीड वर्षाच्या मुलाची उंची.

मागचा कॅमेरा हे झाले सिंहावलोकन. विहंगावलोकनाची विद्या त्याहून जुनी आणि अधिक गमतीची आहे. तिच्या मुळाशी दोन शोध आहेत. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांना पाण्याखालच्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल ह्याचे कुतूहल होते. 1906 साली त्यांनी पाणी भरलेल्या कॅमेऱ्याने तशी छायाचित्रे घेतली. त्यांत सारे क्षितिज एका वर्तुळात गोळा झाले होते. 1924 साली इंग्लंडमध्ये रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाश एका चित्रात टिपणारे भिंग सिद्ध केले, ते ढगांच्या अभ्यासासाठी. ही झाली मत्स्यनेत्र भिंगाची कुळकथा. दुसरा शोध नकाशे करणाऱ्यांचा. ऑस्ट्रियन सैन्यातील कॅप्टन थिओडोर शाइम्फ्लुग ह्यांना अधांतरी तरंगणाऱ्या फुग्यातून घेतलेल्या तिरप्या छायाचित्रांवरून नकाशे तयार करावयाचे होते. तिरपे चित्र सरळ करून, जणू डोक्यावरून घेतल्यासारखे कसे करावे, ह्याची युक्ती त्यांनी 1904 साली पेटंट घेऊन मांडली. ते हे भिंगांच्या व आरशांच्या साहाय्याने करीत. आज तेच गणित लहानसा संगणक सेकंदातून कित्येक वेळा करतो.

निसान कंपनीने 2007 साली जपानमधील एलग्रँड गाडीत ही दोन्ही कुळे एकत्र आणली. पुढच्या जाळीत एक कॅमेरा, मागे नंबरपाटीच्या वर एक, आणि दोन बाजूंच्या आरशांखाली एकेक. प्रत्येकाची नजर सुमारे अर्ध्या वर्तुळाएवढी. त्यांची गोलसर, वाकलेली चित्रे संगणक आधी सरळ करतो, मग जमिनीवर पसरवितो, आणि चार कोपऱ्यांवर गोधडीसारखी शिवून टाकतो. मध्यभागी गाडीचे आधीच काढून ठेवलेले चित्र चिकटविले की काम झाले.

ह्या शिवणकामात एक गृहीत दडलेले आहे आणि तेच वापरणाऱ्याने जाणून घ्यावयाचे आहे. समोर दिसते ते सारे सपाट जमिनीवर रेखलेले आहे, असे संगणक समजतो. जमिनीवरचे पांढरे पट्टे, फरशीच्या रेघा, गटाराचा काठ ह्यांबाबत तो चोख असतो. म्हणूनच आखलेल्या चौकटीत गाडी सरळ बसविण्यास ह्यासारखे साधन नाही. पण उभ्या वस्तूची गोष्ट वेगळी. उभा माणूस पडद्यावर गाडीपासून दूर आडवा पसरल्यासारखा दिसतो. त्याचे पाय असतात तेथेच दिसतात, डोके मात्र भलतीकडे. ह्यास्तव पडद्यावर पाहावयाचे ते वस्तू जमिनीला टेकते ती जागा. अधांतरी वस्तू तर साफ फसविते. टेम्पोच्या मागे सळया बाहेर आलेल्या असतील, तर त्या प्रत्यक्षात असतात त्याहून दूर दिसतात, आणि पडद्यावर जागा शिल्लक असतानाच त्या काचेत शिरतात. तळघरातल्या पार्किंगच्या चढावर असेच होते. मागे जमीन चढती असली तर चढावरचा अडथळा आहे त्यापेक्षा लांब भासतो. शिवणीच्या चार कोपऱ्यांत एखादी सडपातळ वस्तू क्षणभर दिसेनाशीही होते. बाजूचा आरसा मिटलेला किंवा दार उघडे असेल, तर तिकडची शिवण उसवलीच म्हणून समजावे. पावसाळ्यात चिखलाचा एक शिंतोडा भिंगावर बसला की चौथाई जग नाहीसे होते.

अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने मागच्या कॅमेऱ्याचा परिणाम तपासला, तेव्हा गाडी मागे घेतानाच्या टकरी सुमारे 17 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा आकडा लहान नाही. पण कॅमेरा पाहत असला तरी माणूस पडद्याकडे पाहत असतोच असे नाही, हेही त्यात आले.

आपल्या देशात उलट्या गिअरबरोबर सिनेमाचे गाणे वाजविणाऱ्या मोटारींचा एक काळ होऊन गेला. मागच्यांना सावध करण्याची ती आपली खास रीत. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागे अडथळा हेरणारे सेन्सर सक्तीचे झाले. चार कॅमेऱ्यांची व्यवस्था त्याच वर्षी मध्यम किमतीच्या निसान किक्समध्ये आली आणि 2022 साली मारुतीच्या नव्या बलेनोतही मिळू लागली. मुंबईपुण्याच्या सोसायट्यांत, दिल्लीच्या गल्ल्यांत, बंगळूरच्या तळघरांत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात; त्याच जागेत दुपारी मुले खेळतात आणि चाकांच्या सावलीत कुत्री झोपतात. पडद्याच्या मध्यावर जी गाडी दिसते, ते चिकटविलेले चित्र आहे हे वर सांगितलेच. तिच्याखाली पाहणारा कॅमेरा कोठेच नाही. काही नव्या गाड्यांत ते चित्र पारदर्शक करून खालची जमीन दाखविण्याची सोय असते. पण ती जमीन क्षणभरापूर्वी गाडी तेथे पोहोचण्याआधी पुढच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवलेली असते. मधल्या वेळात चेंडूमागे वाकून कोणी आत शिरले असेल, तर ते त्या चित्रात नसते. चालकाने आसनावर बसण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी, ही सूचना वाहनांच्या माहितीपुस्तिकांत असते ती ह्या जागेसाठी.