दिनविशेष : १२ मार्च
कोल्हापूरच्या पेटीवाल्याच्या चाली

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने नाटककार खाडिलकरांचे ‘मानापमान’ हे संगीत नाटक प्रथम रंगभूमीवर आणले. नायिका भामिनीच्या भूमिकेत होते बालगंधर्व आणि पदांच्या चाली होत्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्या.

टेंबे मुळात पेटीवादक. साथीपुरत्या मानल्या गेलेल्या पेटीवर त्यांनी स्वतंत्र मैफली रंगवल्या. डावा हात भात्यावर, उजव्याची बोटे पट्ट्यांवर. मींड निघत नाही अशा या वाद्यातून ते गळ्याची फिरत काढत. तोच कान चाली बांधताना कामी आला. पूरबी ठुमरी-कजरीचा रंग मराठी नाट्यपदांत उतरला. ज्या पेटीवर हा कान घडला, तिला पुढे १९४० साली आकाशवाणीने दार बंद केले, पण गावोगावच्या गायनवर्गांतून ती हटली नाही. नाट्यसंगीत शिकणारे आजही टेंब्यांच्या याच चालींवर गळा तयार करतात.