श्रीशंकर आज्ञेवरून

ईश्वरावर श्रद्धा असली म्हणजे संकटात धीर येतो, असे आपण नेहमी बोलतो. पण धीर येतो म्हणजे नेमके काय होते? हा प्रश्न मला महेश्वरला पडला. नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्या चढून गेल्यावर अहिल्यादेवींचा वाडा लागतो. त्याला राजवाडा म्हणतात, पण थाट तसा नाही. त्यांची साधी गादी पाहून मी बराच वेळ तेथेच उभी राहिले.

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही लेक होळकरांच्या घरात सून म्हणून आली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती जाण्यास निघाल्या तेव्हा सासरे मल्हारराव आडवे आले आणि त्यांनी सुनेला मागे फिरविले. १७६६ साली मल्हाररावही गेले आणि वर्षभरात एकुलता एक मुलगा मालेराव. दौलतीला वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला. बाईने देवधर्म करीत बसावे आणि कारभार आपण पाहावा, असा त्यातला बेत. राघोबादादा फौज घेऊन निघाले.

देवधर्म तर अहिल्याबाई करीतच होत्या. पण देवापुढे बसून त्या रडत राहिल्या नाहीत. त्यांनी पेशवे माधवरावांना पत्र धाडले, आसपासच्या सरदारांकडे माणसे पाठविली आणि आपल्या हत्तीच्या हौद्याच्या चारी कोपऱ्यांना धनुष्ये व बाणांचे भाते बांधून घेतले. ‘मी हरले तर कोणी नाव ठेवणार नाही, आपण बाईकडून हरलात तर तोंड कोठे दाखवाल?’ अशा अर्थाचा निरोप त्यांनी दादांना धाडला, असे सांगतात. महादजी शिंद्यांनी दादांना साथ दिली नाही, माधवरावांनीही बाईंचाच हक्क मानला. लढाई झालीच नाही.

पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य केले. हुकुमावर स्वतःचे नाव न घालता ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असे त्या लिहवीत. राज्य शंकराचे, आपण त्याच्या कारकून! कारकुनाला हिशेब द्यावा लागतो, हे आपणा संसारी बायकांना सांगायला नको. माल्कमसाहेबाने १८१८ नंतर माळव्यात त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. मग दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळची पूजा आणि फराळ आटोपून रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. पडदा नाही. फिर्यादी समोर येई आणि बाई स्वतः ऐकत.

इथवरची कथा आपण मुलींना आनंदाने सांगतो. पुढची सांगताना जीभ अडते.

लेक मुक्ताबाईचा मुलगा गेला. पाठोपाठ १७९१ साली तिचे पती यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने विनविले, देवाची शपथ घातली. लेक म्हणाली, तुम्ही आता वृद्ध झालात, तुमच्या मागे मी कोणासाठी जगू? सासऱ्यांनी सुनेला मागे ओढले होते. राज्य चालविणाऱ्या आईला पोटची लेक मागे ओढता आली नाही. ती रूढी दुष्टच होती आणि अहिल्याबाईंची श्रद्धा तिच्यापुढे थिटी पडली, असेच मला वाटते. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे मात्र मी मानत नाही. त्या चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा तो धीर सुटला आणि त्यांनी हंबरडा फोडला.

मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस जवळजवळ अन्न नाही, तोंडातून शब्द नाही. पुढे गेलेल्या जिवलगांची आठवण म्हणून त्यांनी एक सुंदर वास्तू उभारली. आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी डोळे मिटेपर्यंत, आणखी चार वर्षे, दौलतीचा भार त्यांच्याच शिरावर होता.