पडद्यावरील छिद्र आणि चेहऱ्याचे कुलूप : फेस अनलॉकवर किती विसंबावे?

जयपूर : सांगानेर येथील जयपूर आंतरराष्ट्रीय विमानतळावर २०२३ पासून देशांतर्गत प्रवाशांना ‘डिजी यात्रा’ या सुविधेद्वारे चेहऱ्याच्या आधारे प्रवेश मिळू लागला. त्यासाठीची नोंदणी प्रवासी आपल्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने करतो. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला आणि आधारशी निगडित पडताळणी यांतही हाच कॅमेरा उपयोगी पडतो. सेल्फीसाठी बसविलेले हे भिंग अशा रीतीने ओळख पटविण्याचे साधन बनले आहे. त्यामुळे तोच फोन उघडणारे ‘फेस अनलॉक’ कितपत भरवशाचे आहे, हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. पडद्यावर दिसणाऱ्या त्या लहानशा छिद्रात नेमके काय बसविले आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

एकच नाव, दोन कुलुपे

‘फेस अनलॉक’ या एकाच नावाखाली दोन भिन्न तंत्रे विकली जातात. पहिल्या प्रकारात पुढचा कॅमेरा चेहऱ्याचे साधे छायाचित्र टिपतो आणि फोनमधील प्रणाली ते नोंदविलेल्या चेहऱ्याशी ताडून पाहते. यासाठी वेगळा सुटा भाग लागत नाही. सेल्फीचा कॅमेरा पुरेसा असतो, म्हणून स्वस्त फोनमध्येही ही सोय देता येते. मात्र साध्या छायाचित्राला खोली नसते. समोर जिवंत माणूस आहे की त्याचे चित्र, हे ओळखण्याचे सारे ओझे प्रणालीवर पडते.

दुसऱ्या प्रकारात चेहऱ्याचा उठाव मोजला जातो. अॅपलने सप्टेंबर २०१७ मध्ये सादर केलेल्या आयफोन टेनमधील ‘फेस आयडी’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ३० हजारांहून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकले जातात. नाक, गाल, कपाळ यांच्या उंचसखलपणानुसार ठिपक्यांची मांडणी बदलते. अवरक्त कॅमेरा ती वाचतो आणि तिच्यावरून चेहऱ्याचा गणिती आराखडा तयार होतो. हा आराखडा फोनमधील स्वतंत्र सुरक्षित कप्प्यात राहतो. प्रकाश फोन स्वतःच टाकत असल्याने अंधारातही ओळख पटते. नेहमीच्या मांडणीत वापरकर्त्याचे डोळे उघडे आणि नजर फोनकडे असणेही आवश्यक असते.

अनोळखी व्यक्तीच्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी, तर बोटाच्या ठशाबाबत ती ५० हजारांत एक, असे अॅपलने सांगितले आहे. मात्र जुळी भावंडे, एकमेकांसारखी दिसणारी भावंडे आणि १३ वर्षांखालील मुले यांच्या बाबतीत ही शक्यता वाढते, हेही कंपनीनेच नमूद केले आहे. एका घरात भावंडे एकत्र राहतात, तेथे ही तळटीप मुख्य आकड्याइतकीच लक्षात घ्यावी लागते.

खाच, थेंब आणि छिद्र

पडद्याभोवतीची चौकट कमी करण्याची चढाओढ सुरू झाली, तेव्हा पुढचा कॅमेरा कोठे ठेवायचा हा पेच निर्माण झाला. शाओमीने २०१६ मधील मी मिक्समध्ये तो पडद्याखालच्या पट्टीत नेला. त्यामुळे सेल्फीसाठी फोन उलटा धरावा लागे. २०१७ मधील एसेन्शियल फोनने केवळ कॅमेऱ्यापुरती लहान खाच ठेवली. आयफोन टेनची खाच रुंद होती, कारण तिच्यात कॅमेऱ्याबरोबर ठिपके टाकणारा प्रक्षेपक, अवरक्त प्रकाशझोत आणि अवरक्त कॅमेराही बसवायचा होता.

या रुंद खाचेची बरीच थट्टा झाली. नंतर अनेक कंपन्यांनी खाच उचलली, पण तिच्यातील सामग्री मात्र फार थोड्यांनी घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेल्या पोको एफ१ने रुंद खाचेत अवरक्त कॅमेरा दिला होता. पण बाजाराचा ओघ लहान खाचेकडे होता. त्याच वर्षीच्या वनप्लस ६टीमध्ये खाचेला पाण्याच्या थेंबाचा आकार आला. व्हिवो नेक्समध्ये कॅमेरा गरजेपुरता फोनच्या माथ्यातून वर येई. अशा सरकत्या भागांना फोनमध्ये जागा द्यावी लागते, शिवाय धूळ आणि पाण्यापासून बचावही अवघड होतो. अखेर २०१९ पासून गोल छिद्राची, म्हणजे ‘पंच-होल’ची रचना रूढ झाली.

येथे ग्राहकाने काय दिले आणि काय घेतले, हे सॅमसंगच्या फोनवरून स्पष्ट दिसते. गॅलेक्सी एस८ आणि एस९ यांच्या माथ्यावरील पट्टीत डोळ्यांतील बुबुळ वाचणारी यंत्रणा होती. २०१९ च्या एस१०मध्ये पट्टी गेली, छिद्र आले आणि बुबुळ वाचणारी यंत्रणाही गेली. तिच्या जागी पडद्याखाली ध्वनिलहरींनी बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर आला. चेहऱ्याची ओळख राहिली, पण ती साध्या कॅमेऱ्याच्या भरवशावर. पडदा वाढला आणि कुलूप बदलले. जाहिरातीत मात्र पडद्याचाच गवगवा अधिक झाला.

कॅमेरा पडद्याआड नेऊन छिद्रच नाहीसे करण्याचा प्रयत्नही झाला. झेडटीईच्या अॅक्सॉन २०ने २०२० मध्ये आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फोल्ड ३ने २०२१ मध्ये आतील पडद्यावर तो केला. पण पडद्याचे प्रकाशबिंदू आणि तारा ओलांडून येणारा प्रकाश कमी होतो व विखुरतो. त्यामुळे चित्र धूसर येते. चेहरा ओळखण्यासाठी जे चित्र हवे, तेच दुबळे होते.

अॅपलने आपली खाच २०२१ मध्ये अरुंद केली आणि २०२२ मध्ये आयफोन १४ प्रोमध्ये तिची लांबट गोळी केली. त्या गोळीला ‘डायनॅमिक आयलंड’ असे नाव देऊन सूचना दाखविण्याचे काम दिले. आकार बदलला, तरी अवरक्त सामग्री कंपनीने सोडली नाही.

छायाचित्राने उघडणारे फोन

साध्या कॅमेऱ्यावरील चेहऱ्याचे कुलूप किती कच्चे असू शकते, याचे दाखले जुने आहेत. नेदरलँड्समधील कन्स्युमेंटनबाँड या ग्राहक संघटनेने ११० फोन तपासले. त्यांपैकी ४२ फोन मालकाच्या छायाचित्राने उघडल्याचे तिने २०१९ च्या प्रारंभी जाहीर केले. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये फोर्ब्जच्या पत्रकाराने स्वतःच्या डोक्याची त्रिमिती प्रतिकृती छापून घेतली. तिने चार अँड्रॉइड फोन उघडले, आयफोन टेन उघडला नाही. अर्थात खोली मोजणारे कुलूपही अभेद्य नाही. २०१७ मध्येच व्हिएतनाममधील बीकेएव्ही या कंपनीने खास मुखवटा तयार करून फेस आयडी चकविल्याचे दाखविले होते. फरक परिश्रमांचा आहे. एका कुलपाला समाजमाध्यमावरील छायाचित्र पुरते, तर दुसऱ्याला चेहऱ्याची मापे, साहित्य आणि कौशल्य लागते.

गुगलने अँड्रॉइडसाठी जैविक ओळखीचे तीन वर्ग केले आहेत. बनावट चेहरा किंवा ठसा स्वीकारला जाण्याचे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत असल्यास तो तिसरा, म्हणजे सर्वांत मजबूत वर्ग. ७ ते २० टक्के असल्यास दुसरा आणि २० टक्क्यांहून अधिक असल्यास पहिला. पहिल्या वर्गाने फोनचा पडदा उघडता येतो, पण बँकेच्या अॅपला त्या ओळखीवर विसंबता येत नाही. एखाद्या फोनमध्ये चेहऱ्याने पडदा उघडतो आणि बँकेचे अॅप मात्र बोटाचा ठसा किंवा पिन मागते. तो बिघाड नव्हे. त्या फोनचे चेहऱ्याचे कुलूप खालच्या वर्गातील असल्याची ती खूण असते.

ही दरी प्रणालीच्या बळावर काही प्रमाणात भरून निघते. गुगलच्या पिक्सेल ७मध्ये २०२२ साली एका साध्या कॅमेऱ्यावरील फेस अनलॉक केवळ पडदा उघडण्यापुरते होते. पुढच्या वर्षी पिक्सेल ८मध्ये तशाच रचनेला तिसरा वर्ग मिळाला आणि व्यवहारांसाठीही ते वापरता येऊ लागले. तरी साधा कॅमेरा प्रकाशाचा मिंधाच राहतो, अंधारात त्याची अडचण होते. याच कंपनीने २०१९ मध्ये पिक्सेल ४ला अवरक्त सेन्सर आणि राडार दिले होते. तो फोन भारतात विक्रीस आलाच नाही. राडारच्या ६० गिगाहर्ट्झ लहरींना येथे परवानगी नसल्याचे कारण त्या वेळी वृत्तांत आले होते. शिवाय तो फोन आरंभी मिटलेल्या डोळ्यांनीही उघडत असे. महागडी सामग्री असूनही नियम सैल असेल तर कुलूप सैल राहते, हे त्यातून दिसले.

चेहरा कोणाला सोयीचा?

म्हणून चेहऱ्याचे कुलूप त्याज्य आहे, असे नाही. हातकाम करणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात. रत्नांना पैलू पाडणारे, सांगानेर आणि बगरू येथे ठशांनी कापड छापणारे कारागीर, बांधकामावरील मजूर, शेतकरी आणि वयोवृद्ध यांना ठसा न उमटण्याची अडचण परिचित आहे. अशांसाठी चेहरा हा खरा दिलासा ठरतो. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्याद्वारे हयातीच्या दाखल्याची सोय झाली, तीही याच गरजेतून.

उलट, घुंगट, धुळीपासून बचावासाठी गुंडाळलेले फडके किंवा मुखपट्टी यांमुळे चेहऱ्याची ओळख अडते. करोनाकाळात हे जगभर जाणवले. मुखपट्टीसह फेस आयडी चालण्याची सोय अॅपलने मार्च २०२२ मध्ये, तीही आयफोन १२ आणि त्यापुढील फोनसाठी दिली. राजस्थानसारख्या प्रखर उन्हाच्या प्रदेशात आणखी एक मर्यादा आहे. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे भर उन्हात सेन्सरला आपले ठिपके वेगळे ओळखणे कठीण जाऊ शकते.

दुरुस्तीचा खर्चही या हिशेबात धरावा लागतो. फेस आयडीची सामग्री त्या त्या फोनच्या मुख्य बोर्डाशी जोडलेली असते. ती दुसऱ्या फोनमधून काढून बसविल्यास अनेक आयफोनमध्ये चेहऱ्याची ओळख बंद पडते. जयपूरच्या एम. आय. रोडवरील जयंती मार्केट असो किंवा अन्य शहरांतील मोबाईल बाजार, सुटे भाग बदलून फोन चालू करण्याच्या नेहमीच्या रीतीला येथे मर्यादा पडते. साध्या कॅमेऱ्याच्या फोनमध्ये दुरुस्ती तुलनेने सोपी असते.

कायद्यापुढे चेहरा

पिन आणि चेहरा यांतील मूलभूत भेद असा की पिन मनात असतो, तर चेहरा सर्वांसमोर असतो. पिन बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. पिन सांगावा लागतो, फोन मात्र मालकाच्या चेहऱ्यासमोर नुसता धरता येतो.

कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २० (३) सांगतो. बोटांचे ठसे देणे ही अशी साक्ष नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड’ खटल्यात दिला. दिल्लीतील सीबीआय विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच धाग्याने भेद केला. आरोपीला पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही, बोट किंवा चेहरा यांची ओळख मात्र घेता येईल, असे त्या न्यायालयाने म्हटले. त्याआधी मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्डबाबतही वेगळा, तपास यंत्रणेला अधिक अनुकूल दृष्टिकोन घेतला होता. म्हणजे पासवर्डबाबत मतभेद दिसतात, पण चेहऱ्याला त्याहून अधिक संरक्षण कोणत्याही निर्णयाने दिलेले नाही.

फोन आणि विमानतळ यांतील फरक

फोन उघडताना चेहऱ्याची तुलना फोनमध्येच होते आणि आराखडा बाहेर जात नाही. ‘डिजी यात्रा’त माहिती प्रवाशाच्या फोनमध्ये राहते, पण प्रवासापूर्वी ती संबंधित विमानतळाला पाठवावी लागते. विमान सुटल्यानंतर २४ तासांत ती पुसली जाते आणि सुविधा ऐच्छिक आहे, असे अधिकृतपणे सांगण्यात आले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यामुळे संमती न देणाऱ्या प्रवाशासाठी ओळखपत्राची नेहमीची रांग खुली राहणे, हा या व्यवस्थेचा आवश्यक भाग ठरतो.

खरेदी करताना आणि वापरताना

फोन घेताना ‘फेस अनलॉक आहे का’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. ते अवरक्त सेन्सरवर चालते की केवळ सेल्फी कॅमेऱ्यावर, हे विचारावे. बँकेच्या अॅपमध्ये चेहऱ्याने प्रवेश मिळतो का, हे पाहिल्यास कुलपाचा दर्जा बहुधा कळतो. डोळे उघडे असण्याची अट मांडणीत उपलब्ध असल्यास ती चालू ठेवावी. केवळ साधा कॅमेरा असलेल्या फोनमध्ये पैशाच्या व्यवहारांसाठी बोटाचा ठसा किंवा पिन वापरणे श्रेयस्कर.

गरजेच्या वेळी चेहऱ्याचे कुलूप तात्पुरते बंदही करता येते. अलीकडच्या आयफोनमध्ये बाजूचे बटण आणि आवाजाचे एक बटण काही क्षण एकत्र दाबून धरल्यास पुढच्या वेळी पासकोड द्यावाच लागतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करण्याच्या यादीत ‘लॉकडाउन’ हा पर्याय असतो. फोन पुन्हा सुरू केल्यावरही पहिल्यांदा पिन किंवा पासवर्डच मागितला जातो. चेहरा ओळखला न गेल्यास फोन अखेरीस पिनकडेच वळतो. म्हणून चेहऱ्याचे कुलूप कितीही चांगले असले, तरी १२३४ किंवा जन्मसाल असा पिन ठेवल्यास संपूर्ण फोनची सुरक्षितता त्या चार आकड्यांइतकीच राहते.