सेनापति पेंग देहुआई

रणांगणावर प्राण पणास लावणारे वीर कोणत्याही देशाच्या इतिहासांत पुष्कळ आढळतात; परंतु आपल्या धन्याला न रुचणारें सत्य त्याच्या तोंडावर सांगणारे सेनापति विरळा. चीनच्या पेंग देहुआईचें चरित्र मननीय वाटतें तें या दुसऱ्या प्रकारच्या धैर्यामुळें.

हूनान प्रांतांतील शियांगतान परगण्यांत १८९८ सालीं एका शेतकरी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. माओ त्से तुंग हाही त्याच परगण्यांतला. आई लहानपणींच वारली. भीक मागणें, कोळशाच्या खाणींत राबणें, हें सारें पेंगच्या वांट्यास आलें. १९१६ सालीं पोटासाठीं तो प्रांतिक सैन्यांत शिपाई झाला आणि १९२८ च्या जुलैमध्यें पिंगजियांग येथें बंडाचें निशाण उभारून साम्यवादी सेनेस मिळाला. जपानशीं झालेल्या युद्धांत तो आठव्या रूट आर्मीचा उपसेनापति होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सेनेच्या जखमींची शुश्रूषा करतां करतां १९४२ सालीं चीनमध्येंच निवर्तले, ती हीच सेना. १९५० च्या ऑक्टोबरांत चिनी सैन्य कोरियांत उतरलें, तेंही त्याच्याच हुकमतीखालीं. १९५४ सालीं तो संरक्षणमंत्री झाला व १९५५ सालीं दहा मार्शलांपैकीं एक.

येथवरची कथा कोणत्याही यशस्वी सेनानीची म्हणतां येईल. तिला निराळें वळण लागलें तें ‘मोठी झेप’ या १९५८ सालच्या मोहिमेमुळें. पोलाद गाळण्यासाठीं शेतकऱ्यांना गांवोगांवच्या भट्ट्यांवर जुंपण्यांत आलें. पिकलेलें धान्य शेतांतच राहूं लागलें. अधिकारी मात्र उत्पन्नाचे फुगविलेले आंकडे वर पाठवीत, आणि त्याच आंकड्यांच्या आधारें सरकार धान्य वसूल करी. त्या वर्षाच्या अखेरीस पेंग आपल्या प्रांतांत हिंडला व हें सर्व त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. भुकेचा अर्थ त्याला कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९५९ च्या जुलैमध्यें लूशान पर्वतावर पक्षाची बैठक भरली असतां, १४ तारखेस त्यानें माओला एक खासगी पत्र लिहिलें. त्याची भाषा बंडखोराची नव्हती. मोहिमेचे लाभ त्यानें आधीं मान्य केले आणि मग अतिशयोक्तीची संवय व अवास्तव उत्साह यांवर बोट ठेविलें. माओनें तें पत्र छापून सर्वांस वांटलें आणि २३ तारखेस त्याच्यावर जाहीर हल्ला चढविला. जुने सोबती बहुतेक गप्प राहिले किंवा उलटले. सप्टेंबरांत पेंगचें मंत्रिपद लिन ब्याओकडे गेलें. याहून मोठा अनर्थ देशावर ओढवला. ‘उजव्यां’विरुद्ध नवी मोहीम सुरू झाली, सत्य सांगण्याचा परिणाम काय होतो हें प्रत्येक अधिकाऱ्यास कळून चुकलें, आणि जें धोरण सौम्य होऊं लागलें होतें तें पुन्हां कडक झालें. त्या दुष्काळांत किती माणसें दगावलीं याविषयीं अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

तथापि पेंगला संत ठरविण्याचें कारण नाहीं. १९५८ सालींच सैन्यांतील एका शुद्धीकरण-मोहिमेंत सू यू व ल्यू बोचंग या नामांकित सेनानींची मानहानि झाली, तींत त्याचा पुढाकार होता. ज्या चक्राखालीं तो चिरडला गेला, तें फिरविण्यास त्याचाही हात लागला होता.

१९६६ च्या डिसेंबरांत तरुण ‘लाल रक्षकां’नीं त्याला पकडून पेकिंगला आणलें. पुढें त्याच्या धिंडी निघाल्या; मारहाणींत बरगड्या मोडल्या. २९ नोव्हेंबर १९७४ रोजीं तो कैदेंतच वारला व खोट्या नांवानें त्याचें दहन झालें. १९७८ च्या डिसेंबरांत, माओच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, पक्षानें त्याला निर्दोष ठरविलें. त्याचें आत्मनिवेदन म्हणून १९८१ सालीं जें पुस्तक निघालें, तें मुख्यतः चौकशी करणाऱ्यांना त्यानें लिहून दिलेल्या जबान्यांतून तयार झालें आहे.

पेंगच्या धैर्याविषयीं आदर वाटतोच; पण ज्या राज्यांत स्वतंत्र वृत्तपत्र नाहीं, न्यायासन नाहीं, विरोधी मत ऐकणारी सभा नाहीं, तेथें एका शूर माणसाचें पत्र कोट्यवधि लोकांचें रक्षण करूं शकत नाहीं. तें पत्र वाचून काय करावयाचें हें ठरविणारा तेथें एकच माणूस होता, आणि तक्रारही त्याच्याच धोरणाविषयीं होती.