विद्यापीठांच्या मुखपृष्ठांवरील क्रीडा (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठे आपल्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर क्रीडा विभागाला कोठे आणि कसे स्थान देतात, हा या नोंदीचा विषय आहे. नेहमीच्या मांडणीत प्रवेश, अभ्यासक्रम, संशोधन यांच्या ओळीत किंवा त्यांच्याजवळ ‘ॲथलेटिक्स’ हा दुवा असतो. त्यावर टिचकी मारली की वाचक बहुधा विद्यापीठाच्या संकेतस्थळाबाहेर पडून दुसऱ्याच संकेतस्थळावर पोचतो. मिशिगन विद्यापीठाचे ‘एमगोब्ल्यू डॉट कॉम’ आणि अलाबामाचे ‘रोलटाइड डॉट कॉम’ ही याची ठळक उदाहरणे. दोन्ही पत्ते संघांच्या घोषणांवरून घेतलेले आहेत. विद्यापीठाचा स्वतःचा पत्ता मात्र ‘डॉट एज्यू’ने संपतो.

ही फारकत केवळ तांत्रिक नाही. क्रीडा संकेतस्थळावर तिकिटे आणि जर्सी विकल्या जातात, प्रायोजकांच्या जाहिराती झळकतात, देणग्या मागितल्या जातात. मोठ्या विद्यापीठांत क्रीडा विभागाचा अर्थव्यवहार, प्रसिद्धी आणि कर्मचारीवर्ग बराचसा स्वतंत्र असतो, आणि मुखपृष्ठावरचा तो एक दुवा हे स्वातंत्र्य उघड करतो. त्याची मुळे जुनी आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांची सुरुवात मानली जाणारी हार्वर्ड-येल नौकाशर्यत १८५२ साली झाली, तिचाच खर्च एका रेल्वे कंपनीने आपल्या मार्गावर प्रवासी यावेत म्हणून उचलला होता.

खेळाची बातमी मुखपृष्ठाच्या मध्यभागी येते ती प्रामुख्याने राष्ट्रीय अजिंक्यपदानंतर किंवा ऑलिंपिकच्या काळात. विजयाने प्रवेशअर्ज वाढतात, ही त्यामागची एक धारणा. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामी विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या क्षणी लांब पास फेकून अमेरिकन फुटबॉलचा सामना ४७-४५ असा जिंकून दिला. त्यानंतर कॉलेजकडे येणारे अर्ज वाढले आणि ‘फ्लूटी परिणाम’ ही संज्ञा रूढ झाली. त्या वाढीत खेळाचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

सर्वच विद्यापीठे या वाटेने गेली नाहीत. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये आपला नामांकित फुटबॉल संघ बंद केला. १९६९ मध्ये फुटबॉल परतला. पण आज हे विद्यापीठ आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या, क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळते आणि त्याचे क्रीडा संकेतस्थळ ‘डॉट एज्यू’च्याच छत्राखाली आहे. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, हे सांगण्याची याहून सरळ रीत नसावी.

शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला. आता क्रीडा संकेतस्थळांवरील यादीत पुरुष व महिला संघ शेजारी-शेजारी दिसतात. खरी विषमता यादीत नव्हे, तर छायाचित्रे आणि मथळ्यांच्या निवडीत शोधावी लागते. १९९४ च्या क्रीडासमता प्रकटन कायद्यानुसार, केंद्रीय विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या आणि आंतरविद्यापीठ संघ असलेल्या सहशिक्षण संस्थांना पुरुष व महिला संघांवरील खर्च, खेळाडूंची संख्या आणि प्रशिक्षकांचे वेतन दरवर्षी जाहीर करावे लागते. हा अहवाल १५ ऑक्टोबरपर्यंत तयार ठेवून मागेल त्याला दाखवणे बंधनकारक आहे. मुखपृष्ठावर तो ठेवण्याची सक्ती मात्र नाही. प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीला तो तिकीटविक्रीच्या दुव्याइतक्याच सहज सापडायला हवा.